नसीमबानूंनी कापलेलं पॅकिंग

सकाळचे साडेआठ वाजले होते. नसीमबानूंनी तव्यावरची तिसरी पोळी उलटली आणि गॅस बारीक केला. पोळ्या तीनच करायच्या, दोन आत्ताच्या आणि एक संध्याकाळची. पण एका माणसापुरतं पीठ घ्यायचं काही त्यांना जमत नव्हतं. पती रहीम जाऊन सहा वर्षं झाली, तरी हात दोघांचंच पीठ परातीत घ्यायचा आणि मग त्यातलं ओंजळभर त्या पुन्हा डब्यात टाकायच्या. रोज. आज तर पाणी घातल्यावर लक्षात आलं. उरलेला गोळा वाटीखाली झाकून ठेवला होता.

खाली तांबटाचं ठोकणं सुरू झालं होतं. कसबा पेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीला हाच एक शेजार. खालचे लोक बोलायचे कमी आणि ठोकायचे जास्त, पण ते ठोकणं ऐकलं की दिवस उजाडल्यासारखा वाटायचा.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

नसीमबानू दचकल्याच. सिलेंडर परवाच येऊन गेला होता, वीजबिलाच्या माणसाची ही वेळ नव्हे. डोक्यावर पदर घेत त्यांनी दार उघडलं. बाहेर साठी उलटलेले एक गृहस्थ उभे होते. शर्टाला कडक इस्त्री, आणि नखं मात्र तेलाने काळी.

"नसीमबानू आपणच का?"

"हो. आपण?"

"मी अभय पानसे. विश्रांतवाडीहून आलो. रामदासशेठनी पत्ता दिला. म्हणजे देत नव्हते, मी घेतला."

रामदासशेठचं नाव ऐकलं तसं नसीमबानूंनी दार पूर्ण उघडलं. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा हा माणूस त्यांचा एकमेव व्यापारी. ज्या गाड्या आता बनत नाहीत, त्यांची पॅकिंगं बाजारात मिळत नाहीत. इंजिनाचे दोन भाग एकमेकांवर बसतात तिथून तेल बाहेर येऊ नये म्हणून मधे जी कॉर्कची नाहीतर जाड कागदाची पट्टी घालतात, ते पॅकिंग. गिऱ्हाईक इंजिनाच्या त्या भागाच्या काठावर वर्तमानपत्र ठेवून अंगठ्याने घासून छाप घ्यायचं, तो छाप रामदासशेठकडे द्यायचं, आणि रामदासशेठ तो नसीमबानूंकडे पाठवायचा. रहीम गॅरेजात कामाला होते, रात्रीचं जेवण झालं की घरी बसून पॅकिंगं कापायचे. पुढे त्यांचा हात थरथरायला लागला, आणि शेजारी बसून बघणाऱ्या नसीमबानूंनी कात्री आपल्या हातात घेतली. त्याला झाली तीस वर्षं. या तीस वर्षांत छाप शेकड्यांनी आले, पण ज्याचं इंजिन, तो माणूस दारात कधी आला नव्हता.

"चेंबरचं पॅकिंग आपण कापलं होतं," पानसे म्हणाले. "इंजिनाच्या तळाशी तेलाची ती परात असते ना, तिचं. काल इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. चार वर्षं जुळवत होतो. चार मिनिटं चाललं आणि मग खाली हे."

त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटोत फरशीवर मधाच्या रंगाचं तेल पसरलं होतं. नवं कोरं तेल.

नसीमबानूंनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. भाची अफशीनने मागे लागून करवून घेतलं. आणि गेल्या महिन्यात रामदासशेठने एक पॅकिंग परत पाठवलं होतं. काय चुकलं ते सांगितलं नाही, "दुसरं द्या" एवढाच निरोप. तीस वर्षांत परत आलेलं पहिलं पॅकिंग. त्या रविवारी अफशीनचा फोन आला तेव्हा त्या बोलून गेल्या होत्या, "आणखी एक परत आलं ना, की कात्री ठेवते आणि येते तुझ्याकडे." अफशीन कोंढव्यात चौथ्या मजल्यावर राहायची. तिने हे वाक्य पक्कं धरून ठेवलं होतं. खालासाठी, म्हणजे या मावशीसाठी, पलंगसुद्धा बघून झाला होता. पोरगी मनापासून करत होती, त्याबद्दल प्रश्नच नव्हता. पण तिथे नसीमबानूंनी सकाळी उठून करायचं काय?

"परत आणलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, इंजिनातच आहे. म्हटलं, काढण्याआधी आपण बघावं."

"मी?"

"आपण कापलंय ना?" पानसे म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "माझी बायको खाली गाडीत बसलीय. अनोळखी बाईमाणसाला न्यायला एकटे जाऊ नका, म्हणाली."

नसीमबानूंनी गॅस बंद केला. पोळ्या डब्यात भरल्या. कात्री, भोकं पाडायच्या पंचांची पिशवी आणि कॉर्कच्या शीटची गुंडाळी घेतली, आणि दाराला कुलूप लावलं.

गल्लीच्या तोंडाशी गाडीत नम्रता पानसे बसल्या होत्या. त्यांनी मागचं दार उघडून दिलं.

"या ताई. चार वर्षं आमच्या पोर्चमध्ये हे बाळंतपण चाललंय. काल बाळ रडलं एकदाचं, तर लगेच दुपटं ओलं."

"नम्रता," पानसे गाडी सुरू करत म्हणाले.

"काय नम्रता? अहो ताई, यांनी ही गाडी आणली कुठून माहितीये? लोणी काळभोरच्या एका मळ्यातून. सदुसष्ट सालची फियाट. कोंबड्या अंडी घालत होत्या तिच्यात. कोंबड्यांची सोय होती, ती यांनी घालवली. आमची मात्र झाली नाही."

"मी तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवायचो," पानसे आरशातून म्हणाले. "इंजिनं आयुष्यभर काढली, फळ्यावर. एक तरी हाताने जुळवावं असं फार मनात होतं."

नसीमबानूंनी मान डोलावली. गाडीत दोघांची चकमक चालूच राहिली, आणि त्या मधे न पडता खिडकीबाहेर बघत राहिल्या. रहीम फारसे बोलायचे नाहीत. पण कुणी आपल्यावर खेकसावं एवढं तरी हवं, असं नसीमबानूंना हल्ली वाटायचं.

पोर्चमध्ये लोखंडी अँगलच्या घोडीवर इंजिन होतं. नसीमबानू त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. छापावरून त्यांना वाटायचं त्यापेक्षा ते मोठं होतं. वर काळा भरीव ब्लॉक, खाली पत्र्याचं चेंबर, आणि दोघांच्या मधे कॉर्कची तपकिरी रेघ. जेमतेम दिसेल एवढी. आयुष्यभर कापलं ते एवढंच बाहेर राहतं होय, असं त्यांच्या मनात आलं. खाली फरशीवर नम्रतांची जुनी परात, तिच्यात तेलाचं तळं.

चेंबर बाहेरून सगळं तेलाने माखलेलं होतं. नसीमबानूंनी वाकून एक बोट फिरवलं, मग दुसरं थोडं वर, मग त्याच्याही वर.

"साहेब, खालून टपकतंय म्हणजे खालूनच गळतंय असं नाही. वरून ओघळत आलं तरी टपकणार खालीच."

"गाडीच्या पुस्तकातही हेच लिहिलंय," पानसे म्हणाले.

"मग पुस्तकालाच आणायचं होतं कसब्यातून," नम्रता म्हणाल्या.

"आधी हे सगळं पुसून कोरडं करू," नसीमबानू म्हणाल्या. "रॉकेल असलं तर बघा. आणि अंगाला लावायची पावडर आहे का घरात?"

"पावडर?"

"रहीम करायचे असं गॅरेजात. कोरड्या लोखंडावर पावडर उडवायची आणि सुरू करायचं. तेल जिथून निघेल तिथली पावडर आधी काळी पडते."

नम्रतांनी घामोळ्याच्या पावडरचा डबा आणून दिला. रॉकेलच्या बोळ्याने इंजिन पुसता पुसता तासभर गेला. मग पानशांनी ब्लॉकच्या बाजूंवर, चेंबरभोवती, बोल्टांच्या डोक्यांवर पावडर उडवली. काळं इंजिन पांढरंफेक झालं.

"घ्या, न्हाऊमाखू घातलं," नम्रता म्हणाल्या. "आता तीट तेवढी लावा."

पानशांनी बटण दाबलं. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि सुरू झालं. नसीमबानू दोन पावलं मागे सरकल्या. पोर्चची फरशी पायाखाली थरथरत होती. रस्त्यावर गाड्यांचे आवाज रोज येतात, पण उघड्या इंजिनासमोर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. पदराने नाक दाबून त्या पुन्हा पुढे झाल्या आणि उकिडव्या बसल्या.

दीड-दोन मिनिटांत ब्लॉकच्या बाजूला, चेंबरपासून वितीएवढ्या उंचीवर, पांढऱ्यात एक काळा ठिपका उमटला. ठिपक्याची रेघ झाली आणि ती सरळ चेंबरच्या काठापर्यंत उतरली.

"तिथे! साहेब, तिथे!"

पानशांनी इंजिन बंद केलं. तेलाच्या दाबाची नळी ब्लॉकला जिथे जोडतात तो बोल्ट होता. पानसे गुडघ्यांवर बसले आणि एकदम हसले. "म्हणजे पॅकिंग नव्हेच! नसीमबानू, तुमचं पॅकिंग नव्हे!"

नसीमबानूंना एकदम हलकं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "बोल्टखाली तांब्याचं वॉशर असेल. नवं घातलंत?"

"जुनंच. पण घासून अगदी चकचकीत केलं होतं."

"चकचकीत करून काय उपयोग? तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, मग ते बसत नाही. आमच्या खाली तांबट आहेत. भांडं ठोकून कडक झालं की ते लाल तापवून पाण्यात टाकतात, तांबं पुन्हा मऊ होतं. गॅस कुठे आहे?"

नम्रतांच्या ओट्यावर, पापड भाजायच्या चिमट्यात धरून, ते एवढंसं वॉशर तापत राहिलं. "शेजारी चहा ठेवते," नम्रता म्हणाल्या, "एकाच गॅसवर इंजिनाची आणि आपली, दोघांची भूक भागू दे." वॉशर लाल झालं, वाटीतल्या पाण्यात पडून चर्र वाजलं, आणि पानशांनी ते नेऊन बसवलं.

पुन्हा पुसणं, पुन्हा पावडर. इंजिन सुरू झालं. या वेळी नळीपाशी पांढरं ते पांढरंच राहिलं. पाच मिनिटं झाली, सात झाली. पानशांनी ते बंद केलं आणि हात धुवायला आत गेले. आत ते नम्रतांना काहीतरी सांगत होते, आणि नम्रता म्हणत होत्या, "हो हो, ऐकलं, बहिरी नाहीये मी."

पोर्चमध्ये नसीमबानू एकट्याच होत्या. उठण्यापूर्वी त्या चेंबरच्या मागच्या कोपऱ्यापाशी वाकल्या. तिथे पावडरीत एक डाग होता. मसुरीच्या डाळीएवढा. कॉर्कच्या रेघेवरच.

वरून काही ओघळलं नव्हतं, वरचं सगळं कोरडं होतं.

पावडरचा डबा हाताशी होता. चिमूटभर टाकली असती तर झाकलं गेलं असतं. पानसे खूश होते, आज तरी त्यांनी पाहिलं नसतं. पुढे कधी फरशीवर थेंब दिसले असते तर जुनी गाडी म्हणून सोडून दिलं असतं, जुन्या गाड्या थोड्या गळतातच. आणि नसीमबानू कसब्यात राहिल्या असत्या. त्या डागाकडे बघत राहिल्या. डाग मसुरीचा वाटाण्याएवढा झाला.

"साहेब," त्यांनी हाक मारली. "इकडे या. अजून एक आहे."

पानसे टॉवेल घेऊन आले, वाकून बघितलं. "एवढंसं आहे हो. बोल्ट आणखी थोडा आवळू."

"आवळू नका, पत्रा वाकेल. काढा ते. हे माझं आहे."

तेल डब्यात उतरवून चेंबर काढेपर्यंत दुपार झाली. पॅकिंग सुटून हातात आलं, तसं नसीमबानूंनी ते नाकाशी धरून बघितलं. चष्म्यातून ठीकच दिसत होतं. मग त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, आणि मागच्या कोपऱ्यात अंगठा अडला. बोल्टचं भोक बाहेरच्या काठाकडे सरकलं होतं. भोक आणि काठ यांच्यामधे कॉर्क उरला होता दोऱ्याएवढा, आणि तोही तुटला होता.

"छापाची प्रत आहे का हो?"

पानसे मास्तरच, त्यांनी फाइलच आणली. छापावर त्या जागी एकाला लागून एक अशी दोन वर्तुळं होती.

"कागद सरकला होता माझ्याकडून," पानसे ओशाळून म्हणाले. "चूक माझी."

"छाप सरकतोच, साहेब. नेहमी कुठे ना कुठे सरकतो. खरं भोक असतं तिथे कागद दबलेला असतो, बोट लावलं की कळतं." नसीमबानू थांबल्या. "मी बोट लावलं नाही."

हे बोलताना त्यांच्या डोळ्यांसमोर ती दुपार आली. ऑपरेशननंतरचा नवा चष्मा, आणि छापावरची एकूण एक रेघ स्पष्ट. केवढा आनंद झाला होता! आठ-दहा वर्षं धुरकट डोळ्यांनी त्या निव्वळ बोटांवर काम करत होत्या आणि एकही पॅकिंग परत आलं नव्हतं. दिसायला लागलं, तसं त्यांनी चाचपणं सोडून दिलं. दोन वर्तुळांतलं ठळक दिसलं ते धरलं. गेल्या महिन्यातल्या त्या पॅकिंगचंही असंच झालं असणार.

"डोळे परत मिळाले आणि बोटं बसवून ठेवली मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

नम्रतांनी जेवायला हाक मारली. वरण-भात, भेंडीची भाजी, ताक. नसीमबानूंनी आपला डबा उघडला, तेव्हा नम्रतांनी त्यातली एक पोळी न विचारता उचलून नवऱ्याच्या ताटात वाढली. "खा. चार वर्षांत माझ्या पोळ्यांना कधी नावाजलं नाहीत, आता ताईंच्या पोळीला नावाजा, म्हणजे मला कळेल." पानसे म्हणाले, भाजीला मीठ कमी आहे. नम्रता म्हणाल्या, हाताचं रॉकेल गेलं नाही अजून, तुम्हाला चव काय कळणार. नसीमबानू मान खाली घालून जेवत होत्या. असं कुणाच्या भांडणाशेजारी बसून जेवून किती वर्षं झाली, ते त्यांना आठवेना.

जेवण झाल्यावर पानशांनी टेबललॅम्प आणला.

"दिवा नको," नसीमबानू म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी पिशवीत ठेवला. चेंबर फरशीवर पालथं न घालता काठ वर करून ठेवलं, आणि कॉर्कची शीट थेट त्या काठावर अंथरली. मग अंगठ्याने दाबत दाबत त्या चारी बाजूंनी फिरल्या. छापावरून आयुष्य काढलं, पण प्रत्यक्ष लोखंडावर बोट ठेवायची ही पहिलीच वेळ. प्रत्येक भोक अंगठ्याला खळगी लागल्यासारखं लागत होतं. मागच्या कोपऱ्यापाशी त्या दोनदा फिरल्या. मग कात्री चालली, संथ, न थांबता. लाकडाच्या ठोकळ्यावर पंच ठेवून एकेक भोक पाडलं. पानसे भिंतीला टेकून बघत होते, विद्यार्थ्यासारखे.

पॅकिंग बसलं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, पुस्तकात दिलंय तेवढेच आवळले. तेल भरलं, पावडर उडवली. या वेळी इंजिन वीस मिनिटं चाललं. पानसे चक्क फरशीवर आडवे झाले आणि टॉर्च घेऊन चारी कोपरे बघून आले.

"पांढरं! सगळं पांढरं!"

मग ते व्हिडिओ काढायला लागले, कुणाकुणाला फोन करायला लागले. नम्रता त्यांच्या पाठीवरची माती झटकत होत्या आणि बोलतही होत्या. नसीमबानूंनी कात्री पुसली, पंच मोजून पिशवीत टाकले, कॉर्कचे तुकडे गोळा केले आणि पायरीवर बसून राहिल्या.

परतताना पुलावर गाड्या अडल्या होत्या, तेव्हा अफशीनचा फोन आला.

"खाला, दुपारपासून फोन करतेय! कुठे आहात?"

"कामाला आले होते. आवाजात ऐकू आला नाही."

"कामाला? बाहेर?" ती जरा थांबली. "परत आलं का पॅकिंग?"

"आलं. चूक माझीच होती."

"मग आता, खाला? तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले होते," नसीमबानू म्हणाल्या. "दुसरं कापून दिलंय आज. ते काय सांगतंय बघते, मग तुला सांगते." पुढच्या सीटवरून नम्रतांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. पानसे पिशवी घेऊन जिन्यापर्यंत चालत आले. खालचे तांबट आवराआवर करत होते. पानशांनी पिशवी नसीमबानूंच्या हातात दिली, आभार मानले, पुन्हा मानले, आणि निघायचं कसं ते न सुचून उभे राहिले.

"साहेब," नसीमबानू म्हणाल्या, "आज कोरडं आहे त्याला अर्थ नाही. कॉर्क पंधरा दिवस तापतो, निवतो, बसतो. खरं काय ते मग कळतं. मला तोवर भाचीला काही सांगता येत नाही."

"गळलं तर मी लगेच येईन, काळजी करू नका."

"गळलं तर सगळेच येतील, ते ठाऊक आहे मला." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माझं म्हणणं एवढंच, पंधरा दिवसांनी खाली वाकून बघा. आणि गळत नसलं, तर तेवढं सांगायला या."